नको तिथे अर्थ

नारळी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी आमच्या होडीचं इंजिन दोरीच्या 127व्या ओढीलाही चालू झालं नाही. आकडा माझा नाही, पुतण्याचा आहे. आठ दिवस मी ओढत होतो आणि तो मोजत होता. मुंबईच्या शाळेत तीस वर्षं मी मुलांना उठाबशा काढायला लावल्या आणि मोजायचं काम स्वतःकडे ठेवलं. तो हिशेब असा कर्ली नदीच्या काठावर चुकता होईल, असं वाटलं नव्हतं.

इंजिन म्हणजे आऊटबोर्ड. होडीच्या मागच्या फळीला दोन स्क्रूंनी आवळून लटकवायचं, काम झालं की खांद्यावर टाकून घरी आणायचं. आठ हॉर्सपॉवर, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सुरू करायला दोरी. कंपनीचं नाव मी सांगणार नाही आणि इंजिनही सांगत नाही, कारण झाकणावरचं स्टिकर उन्हाने केव्हाच उडून गेलं आहे. चुलत भावाने ते सेकंडहँड घेतलं तेव्हा विकणारा म्हणाला होता, ‘फक्त गोड्या पाण्यात चालवलेलं आहे.’ जुनी गाडी विकताना ती नेहमी एखाद्या डॉक्टरनेच वापरलेली असते, त्यातला हा प्रकार. झाकण काढलं तेव्हा आतल्या प्रत्येक नटावर मिठाचा पांढरा थर होता. गोडं पाणी बहुधा मिठागरातलं असावं.

होडी सामाईक आहे. हे वाक्य घाटावरच्या वाचकाला साधं वाटेल. कोकणातला वाचक मात्र इथे थांबेल, सुस्कारा सोडेल आणि मग पुढे वाचेल. आमच्याकडे फणस सामाईक, विहीर सामाईक, विहिरीकडे जाणारी पाणंद सामाईक आणि त्या पाणंदीवरून चाललेला दावाही सामाईक. होडीत मी आणि चुलत भाऊ निम्मे-निम्मे. वाटणी कागदावर नाही, पण वहिवाटीने ठरलेली आहे : तांबोशी गावली की होडी त्याची, इंजिन बिघडलं की माझी.

तर मे महिन्याच्या शेवटी आम्ही इंजिन उतरवलं. 1 जून ते 31 जुलै समुद्रात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. आमची होडी खाडीतल्या खाडीत फिरणारी, पण पावसाळ्यातल्या कर्लीची ओढ बघून आम्ही ती बंदी स्वखुशीने पाळतो. गोड्या पाण्याच्या पिंपात इंजिन दहा मिनिटं चालवून आतलं मीठ धुतलं, बाहेरून तेलाचा हात फिरवला, झाकण-बिकण नीट आवळलं आणि पडवीत फळ्यांच्या घोडीवर टांगून ठेवलं. शेवटची दहा मिनिटं ते उत्तम चाललं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा. मी ठेवली नव्हती.

श्रावणात झाकण काढलं, पेट्रोल ताजं केलं. टू-स्ट्रोकला पेट्रोलातच ऑइल मिसळावं लागतं. आमच्याला पन्नास लिटरला एक लिटर, त्याहून जुन्या इंजिनांना दुप्पट. दोरी ओढली. एकदा, दोनदा, दहादा. इंजिन खोकलंसुद्धा नाही.

बंद पडलेल्या इंजिनाभोवती माणसं कुठून येतात, हा संशोधनाचा विषय आहे. मोडकं इंजिन आणि मेलेला साप, दोन्हींना सारखीच गर्दी होते. पहिला आला रिक्षावाला. त्याची रिक्षा कार्बोरेटरने बंद पडते, म्हणून त्याचं निदान, ‘गुरुजीनु, कार्बोरेटर साफ करूक व्हयो.’ पर्यटकांना संगमावर डॉल्फिन दाखवायला नेणारा म्हणाला, ‘ह्या इकून टाका नि फोर-स्ट्रोक घेवा.’ मुंबईहून आलेल्या मेहुण्यांनी हात मागे बांधून इंजिनाला एक प्रदक्षिणा घातली आणि ‘बॅटरी चेक केली का?’ असं विचारलं. या इंजिनाला बॅटरीच नसते, हे कळल्यावर त्यांनी ‘तेच म्हणतोय मी’ असं म्हटलं आणि ते चहाला आत गेले. ते एका कंपनीत वरच्या हुद्द्यावर होते, हे मला तेव्हा पटलं.

बॅटरी नसताना ठिणगी येते कुठून, हे मलाही आठ दिवसांपूर्वी ठाऊक नव्हतं. मुलांना न कळलेलं शिकवण्याचा अनुभव दांडगा असल्यामुळे आता सांगतो. इंजिनाच्या डोक्यावर जड चाक असतं, फ्लायव्हील. त्याच्या आत लोहचुंबक बसवलेले असतात. दोरी ओढली की चाक फिरतं, चुंबक खालच्या कॉइलवरून धावत जातात आणि तारेत वीज तयार होते. ती अगदी गरीब वीज. ती नेमक्या क्षणी तोडायचं काम पॉइंटचं. पॉइंट म्हणजे दोन छोटे धातूचे ओठ. ते उघडले की ती वीज एकदम खंडित होते आणि त्या धक्क्याने कॉइलच्या दुसऱ्या, बारीक आणि हजारो वेढ्यांच्या तारेत दहा हजारांहून अधिक व्होल्ट उसळतात. तेच प्लगच्या फटीतून उडी मारतात. आणि ओठ उघडताना वीज तिथेच उडी मारून मोकळी होऊ नये, म्हणून शेजारी कंडेन्सर असतो. तो तिला क्षणभर ओटीवर बसवून घेतो, ‘जाशील गं, पाणी तरी घे.’ कंडेन्सर मेला की सगळी आतषबाजी पॉइंटवरच होते, पॉइंट जळून काळे पडतात आणि प्लगपर्यंत काही पोचत नाही. आमच्याकडे दोन सिलिंडर म्हणजे हा सगळा संसार दोनदा मांडलेला : दोन कॉइल, दोन पॉइंट, दोन कंडेन्सर, दोन प्लग. एकाच छपराखाली दोन चुली.

निदानाची पहिली पायरी मला शेजारच्या म्हाताऱ्या तांडेलांनी शिकवली. प्लग काढायचा आणि बोटाने चाचपायचा. कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही, ओला असेल तर येतंय पण पेटत नाही. आमचे दोन्ही प्लग ओलेचिंब होते. म्हणजे रिक्षावाला चुकला, हे पाहून मला उगाच बरं वाटलं.

दुसरी पायरी ठिणगी बघण्याची. प्लग टोपणात घालायचा, त्याची धातूची बाजू इंजिनाच्या अंगाला टेकवायची आणि दुसऱ्याने दोरी ओढायची. त्याआधी पेट्रोलचं सगळं भांडकुंडं दूर न्यायचं, कारण ठिणगी सापडली आणि तिला पेट्रोलची वाफही सापडली, तर निदान एकदम संपूर्ण होतं. ठिणगी निळी आणि कडकडीत असावी, पिवळी आणि मरतुकडी नसावी. पण भर दुपारी ती दिसत नाही. म्हणून आम्ही अंगणात काळी छत्री उघडली आणि मी व पुतण्या तिच्याखाली डोकी घालून बसलो. रस्त्याने जाणाऱ्या शाळेच्या पोरांनी सायकली थांबवल्या. श्रावणातल्या कोरड्या दुपारी गुरुजी छत्री घेऊन एका यंत्राच्या कानाशी लागलेत, हे दृश्य गावात पुढची काही वर्षं टिकेल.

ठिणगी नव्हती. वरच्या प्लगला नाही, खालच्याही नाही.

‘बॉडीला नीट अर्थ मिळत नसेल,’ पुतण्या म्हणाला. त्याने आयटीआयला एक वर्ष काढलेलं आहे.

या एका शब्दाने मी तरतरीत झालो. तीस वर्षं मी अर्थावरच पोट भरलं. संदर्भासह अर्थ, सरळ अर्थ, गर्भितार्थ. आता यंत्रही अर्थाशिवाय चालत नाही म्हटल्यावर माझा अधिकार सिद्ध झाला. पुतण्याने समजावलं की वीज प्लगमधून निघाली की तिला परत जायची वाट लागते, ती वाट म्हणजे इंजिनाचं अंग, त्यालाच अर्थ म्हणतात. मिठाने आणि गंजाने ही वाट बुजते. आम्ही प्रत्येक जोड पॉलिश पेपरने घासला. अर्थ लख्ख झाला. ठिणगी नव्हतीच.

मग सुरू झाली खरेदी. यंत्र बिघडलं की माणसाला दोषापेक्षा पार्ट आधी सुचतो. पार्ट विकत मिळतो, दोष शोधावा लागतो. पहिल्यांदा दोन नवे प्लग आले. फरक शून्य. मग फ्लायव्हीलला एक खिडकी असते, तिच्यातून पॉइंट साफ केले. जुन्या पोस्टकार्डाची पट्टी कापायची, पेट्रोलात बुडवायची आणि पॉइंटच्या ओठांत धरून हळूच ओढायची. ओठांवरचा मळ आणि तेलाचा ओशट थर कागदावर येतो. पट्टीसाठी मी काढलेलं पोस्टकार्ड चुलत भावाने मला 1991 मध्ये पाठवलेलं निघालं. विषय : होडीच्या दुरुस्तीचा निम्मा खर्च. फिलर लावून पॉइंटची फट तपासली. ती इंजिनागणिक थोडी इकडेतिकडे असते, पण साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आत-बाहेर. तीही बरोबर निघाली.

चुलत भावाचं म्हणणं आधीपासून एकच होतं, ‘कॉइल गेली.’ त्याच्या मते जगात जे जे बंद पडतं ते ते कॉइलमुळे. कॉइल जाते हे खरं आहे, पण तिची जायची रीत वेगळी. तिच्या वेष्टनाला बारीक चीर पडलेली असते. इंजिन थंड असताना ती गुमान काम करते, वीस मिनिटांनी तापली की चीर उघडते, वीज भलतीकडे पळते आणि तुम्ही बरोब्बर खाडीच्या मध्यावर बंद पडता. तिथे वल्ही मारता मारता ती थंड होते आणि काठाला लागल्यावर पहिल्या ओढीला चालू होते. अशी कॉइल असलेला माणूस गावात खोटारडा ठरतो. आमचं इंजिन मात्र थंड असल्यापासूनच बंद होतं. तरीही भाऊबंदकीत शांतता राहावी म्हणून गोव्यातल्या एका दुकानातून कॉइल एक, पॉइंट दोन आणि कंडेन्सर दोन मागवले. बसवायचे तर फ्लायव्हील उतरवायला हवं आणि त्याला पुलर लागतो. पुलर गावात एकाच माणसाकडे. तो म्हणजे मेस्त्री. आणि मेस्त्रीला बंदी उठल्यापासून जेवायला फुरसत नव्हती.

मेस्त्रीची वाट बघत मी पडवीत वाचन केलं. या यंत्राच्या जन्माची कथा मला फार आवडली. ओले एव्हिनरूड नावाचा नॉर्वेत जन्मलेला माणूस अमेरिकेत मिलवॉकीला राहायचा. गेल्या शतकाच्या पहिल्याच दशकात एकदा तळ्यावरच्या सहलीत त्याच्या होणाऱ्या बायकोला आइसक्रीम खावंसं वाटलं. हा भर उन्हात वल्हं मारत पलीकडे गेला, आइसक्रीम घेतलं, वल्हं मारत परत आला, तोवर आइसक्रीमचं दूध झालेलं. त्या रागातून त्याने होडीला लावायचं इंजिन बनवलं. ते बघून तीच बाई म्हणाली, हे तर कॉफी दळायच्या यंत्रासारखं दिसतंय. 1909 साली ते बाजारात आलं : दीड हॉर्सपॉवर, 62 पौंड वजन, किंमत 62 डॉलर. मासळीसारखं वजनावर विकलं म्हणा ना. त्याच्या आधीही एकदोघांनी असे प्रयोग केले होते, पण धंदा याने उभा केला. जाहिराती तीच बाई लिहायची आणि त्यात लोकांना वल्ही फेकून द्यायला सांगायची. शंभरावर वर्षं झाली, आणि आऊटबोर्ड लावलेल्या आमच्या प्रत्येक होडीत आजही वल्ही आहेत. बाईंच्या जाहिरातीवरचं आमच्या काठाचं मत त्यात आलं.

आदल्या संध्याकाळी गर्दी पुन्हा जमली. 127वी ओढ वाया गेल्यावर तांडेल उठले, अंगणातला एक नारळ इंजिनापुढे ठेवला, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि थेट गाऱ्हाणंच घातलं.

‘बा देवा म्हाराजा…’

‘होय म्हाराजा!’ रिक्षावाला, डॉल्फिनवाला, सायकलवाली पोरं, सगळ्यांनी सूर दिला.

‘आज ही तुझी लेकरां हयसर जमलेली आसत… ह्या इंजिनाक काय वाकडा-नाकडा झाला आसात, कोणाची नजर लागली आसात, तर ती बाजूक कर… आनि गुरुजींची होडी फुडे जावची तशी जाव दे रे म्हाराजा!’

‘होय म्हाराजा!’ मेहुणे सगळ्यांत मोठ्याने ओरडले.

आणि तेवढ्यात मेस्त्रीची स्कूटर आली. मी योगायोग म्हणतो. गावात वेगळं सांगतात.

मेस्त्री पन्नाशीचा, सडपातळ, कानावर पेन्सिल. त्याने पुलर काढलाच नाही. आधी तो आमच्या नव्या पार्टांच्या पाकिटांकडे बघून थोडा हसला. मग विचारलं, ‘मे म्हयन्यात शेवटचा कसा चललेला?’

‘उत्तम.’

‘आनि आता दोनय प्लगांक करंट नाय?’

‘दोन्ही नाही.’

‘दोन कॉइली, दोन पॉइंट, दोन कंडेन्सर. सगळी एकाच रात्री मरतली काय गुरुजी?’ त्याने पेन्सिल कानावरून काढली आणि माझ्याकडे रोखली. ‘दोघांचा सामाईक काय आसा, ता सांगा.’

मी त्याच्याकडे बघत राहिलो. आठ दिवस या घरात, या गावात, सामाईक हा शब्द उच्चारल्याशिवाय आमचा चहा होत नाही, आणि हा प्रश्न माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. एका भावाची चूल विझली तर त्याच्या चुलीत बघावं. दोन्ही भावांच्या चुली एकाच दिवशी विझल्या तर सामाईक विहिरीत बघावं.

सामाईक गोष्टी दोनच. एक फ्लायव्हील. ते ज्या दांड्यावर बसतं तिथे अर्धचंद्रासारखी एक इवली चावी असते. ती कापली गेली तर चाक सरकतं, ठिणगी अवेळी पडते आणि इंजिन खोकतं, उलटा झटका देतं. पण ठिणगी पडते. आमच्याकडे ती पडतच नव्हती. दुसरी सामाईक गोष्ट म्हणजे इंजिन बंद करायचं लाल बटण.

इथे मला नवं शिक्षण मिळालं. मोटारीत चावी फिरवली की ठिणगीला वीज मिळते आणि चावी काढली की ती तुटते. या इंजिनात उलटं. वीज चाक फिरलं की तयार होतच राहते. ती बंद कशी करणार? तर तिला बटणातून सरळ बॉडीला नेऊन जिरवायची. बटण दाबलं की दोन्ही कॉइलींच्या वायरी अर्थला लागतात. मग पॉइंट उघडले काय आणि मिटले काय, वीज खंडितच होत नाही, ठिणगी पडत नाही. म्हणजे हे इंजिन स्वभावतः चालू आहे. त्याला बंद राहा म्हणून सतत कुणीतरी सांगत असेल, तरच ते बंद राहतं.

मेस्त्रीने झाकणाखाली हात घातला, बटणाकडे जाणाऱ्या दोन वायरींचे सॉकेट उपटले आणि पुतण्याला म्हणाला, ‘ओढ.’

मी त्या वेळी सवयीने वरच्या सिलिंडरचा प्लग इंजिनाच्या अंगाला टेकवून धरला होता. पहिल्या दिवशी मी तो रबरी चप्पल घालून, कोरड्या फडक्यात, लांबून धरत असे. आठ दिवसांच्या अनुभवाने निर्धास्त होऊन आता उघड्या, ओल्या हाताने धरला होता. पुतण्याने ओढली. दहा हजार व्होल्ट म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही, कारण ते भाषेच्या आधीचं काहीतरी आहे. कोपरापर्यंत कुणीतरी खाडकन पाटी मारली. मी जे ओरडलो त्यात एकही वर्ण प्रमाण मराठीतला नव्हता.

‘करंट इलो!’ अंगणातून एकच जल्लोष झाला. माझी कुणी चौकशी केली नाही.

प्लग बसवले, इंजिनाचा पाय पाण्याच्या पिंपात सोडला आणि 129व्या ओढीला ते धडधडून चालू झालं. निळा धूर पडवीभर झाला. तांडेलांनी नारळाकडे बघून हात जोडले. मी समाधानाने पुढे झालो आणि बंद करायला लाल बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. इंजिन चालूच. अर्थातच, बटणाच्या वायरी मेस्त्रीच्या हातात होत्या. आठ दिवस ज्याला चालू हो म्हणून विनवलं, त्याला आता आम्ही सगळे मिळून ‘बंद हो, बंद हो’ म्हणून ओरडत होतो. पिंपातलं पाणी उडून मेहुण्यांच्या कडक इस्त्रीच्या शर्टावर गेलं. मेस्त्रीने शांतपणे चोक ओढला, इंजिनाला पेट्रोलचा ठसका लागला आणि ते थांबलं.

मग दोष दाखवला. बटणाच्या दोन्ही वायरी एका पट्टीखालून जात होत्या. पट्टीचा स्क्रू कुणीतरी मे महिन्यात इतका मनापासून आवळला होता की पत्र्याची कड वायरींच्या रबरातून आत घुसली होती. पावसाळ्याच्या दमटपणाने आणि उरल्यासुरल्या मिठाने बाकीचं काम केलं. दोन्ही वायरी गपचूप बॉडीला टेकल्या होत्या. आठ दिवस आम्ही प्लगला अर्थ मिळावा म्हणून घासत होतो, आणि अर्थ नको तिथे लागला होता. इंजिन बिघडलंच नव्हतं. ते दोन महिने आज्ञा पाळत होतं.

‘ह्यो इस्क्रू कोणी आवळल्यान?’ मेस्त्रीने विचारलं.

चुलत भावाने माझ्याकडे बघितलं. मी चुलत भावाकडे बघितलं. हा प्रश्न अजून प्रलंबित आहे आणि आमच्या घराण्याची परंपरा बघता पुढच्या पिढीकडे जाईल.

मेस्त्रीने वायरींना नवी नळी चढवली, चिकटपट्टी गुंडाळली आणि पट्टी हाताने, बेताने बसवली. दोनशे रुपये घेतले, तांडेलांचा नारळ मागितला, तो दिला. दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळीच होडी काढली, संगमापर्यंत गेलो, समुद्राला नारळ वाहिला आणि येताना तांबोशी गावली. होडी अर्थातच चुलत भावाची होती.

ता.क. : कॉइल एक, पॉइंट दोन, कंडेन्सर दोन, सगळं आठ हॉर्सपॉवरच्या जुन्या आऊटबोर्डचं, पाकीटबंद, विकणे आहे. माल सामाईक असल्यामुळे भाव चुलत भावाची संमती मिळाल्यावर कळवण्यात येईल.